डबा सीलबंद, पण जंतुमुक्त नव्हे!

डेअरीच्या दुधाचा कॅन आपण गरम पाण्याने धुतो. तान्ह्याची बाटली मात्र रांजणाच्या पाण्याने विसळली की झालं! दूधभुकटीचा डबा सीलबंद असला तरी भुकटी जंतुमुक्त नसते. २०२२ साली अमेरिकेत मिशिगनच्या कारखान्यात क्रोनोबॅक्टर जंतू सापडले, डबे परत घ्यावे लागले. हा जंतू कोरड्या भुकटीत तग धरतो, कोमट दुधात वाढतो.

पहिले सहा महिने आईचंच दूध द्या. डॉक्टरांनी भुकटी सांगितलीच, तर बाटली उकळा. उकळलेलं पाणी ७० अंशांखाली उतरण्याआधी भुकटी कालवा, निववून लगेच पाजा. उरलेलं ठेवू नका.

१९९२ च्या कायद्याने डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे, सल्ल्याला नाही. सरपंच, अंगणवाडीताई, ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत एवढं पोचवाच.