हात गेला, हक्क जाऊ देऊ नका

वस्तीत कुणाचा हात प्रेस मशीनमध्ये गेला की दोन वाक्ये ठरलेली असतात. शेजारीपाजारी म्हणतात, "नशिबात होतं." ठेकेदार म्हणतो, "ह्याचंच लक्ष नव्हतं." नशीब आपण मानत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, हे विहारात मुलांना सांगतो. मग तुटलेल्या हाताचेही कारण विचारले पाहिजे.

प्रेस मशीनला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणून हात आत राहत नाही. माल लवकर निघावा म्हणून एक बटण बांधून ठेवतात, गार्ड काढून टाकतात. गावाकडे कडबाकुट्टी आणि मळणी यंत्राच्या उघड्या पट्ट्यात बाही किंवा पदर अडकतो. यंत्राचा धोक्याचा भाग झाकण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याने मालकावर टाकली. झाकण नसताना कामगाराच्या लक्षाची चर्चा करणे ही पळवाट आहे. मात्र आपल्या हाताने गार्ड कधीही काढू नका. त्याच मुद्द्यावर भरपाई नाकारता येते.

अपघात झालाच तर पहिली दहा मिनिटे घरच्यांची आणि सोबत्यांची. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा, 108 ला फोन करा. हळद, कॉफी, राख काही भरू नका. तुटलेले बोट किंवा हात स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवला तर खराब होतो. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. म्हणून जोडण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या.

केसपेपरवर खरे कारण लिहून घ्या. "गाडीवरून पडलो म्हण, खर्च मी करतो," असे ठेकेदार सांगतो आणि आपण उपकार मानतो. तोच कागद पुढे आपल्या विरुद्ध उभा राहतो. कामावरच्या इजेची भरपाई हा 1923 पासून कायद्याने दिलेला हक्क आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के आणि तर्जनी गेली तर 14 टक्के घटली, असे कायदाच धरतो. नुसते दुर्लक्ष झाले म्हणून हा हक्क बुडत नाही. ठेकेदार पळाला तरी मुख्य मालक सुटत नाही. हक्क सोडल्याची सही घेतली असेल तर ती कायद्यात टिकत नाही. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. ई.एस.आय. लागू असेल तर कायमच्या अपंगत्वासाठी हयातभर दरमहा पैसे मिळतात. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 मध्ये, प्रा. अदारकरांचा कामगार विम्याचा अहवाल आला आणि 1948 चा ई.एस.आय. कायदा त्यातून उभा राहिला. हा हक्क अर्जाअभावी वाया जाऊ देणे आपल्याला शोभत नाही.

लोकलमधून पडून पाय गेला आणि तिकीट किंवा पास असेल, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत दावा करता येतो. रूळ ओलांडताना अपघात झाला तर ही वाट बंद होते.

जखम भरली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. नसलेली बोटे दुखतात, मुठी आवळल्यासारखी वाटतात. हे वेड नाही, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. तुटलेल्या नसांचे आणि मेंदूचे हे दुखणे आहे, त्यावर औषध आणि आरशासमोरचे व्यायाम आहेत. भगताकडे नेऊ नका. गुडघ्याखाली पाय कापला असेल तर गुडघ्याखाली उशी ठेवू नका; गुडघा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे कृत्रिम हातपाय बनवतात आणि ते वापरायला शिकवतात. 1968 मध्ये जयपूरला तयार झालेल्या जयपूर फूटवर माणसे शेतात काम करतात, मांडी घालून बसतात. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल तर सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणासाठी अर्ज करता येतो.

एवढे सगळे अंथरुणावरच्या माणसाला एकट्याने जमत नाही. त्याची बायको मजुरीला जाणार, मुले सांभाळणार, की कामगार आयुक्तांच्या कचेरीत खेटे घालणार? म्हणून प्रत्येक विहाराच्या मंडळाने लिहिता-वाचता येणारी दोन माणसे नेमावीत, त्यांतील एक बाई असावी. अपघात कळला की त्याच दिवशी त्यांनी रुग्णालय गाठावे, केसपेपरची प्रत घ्यावी, पगाराचा पुरावा गोळा करावा, दाव्याची मुदत वहीत लिहावी. वर्गणी काढून हजार-दोन हजार देण्यापेक्षा ही मदत त्या घराला कितीतरी वर्षे पुरेल.