आधी चीक, मग डॉक्टर

वासराला पातळ हगवण लागली की बऱ्याच गोठ्यांत हात जातो तो फळीवरच्या अर्ध्या बाटलीकडे. गायीच्या कासदाहाच्या वेळी आणलेलं अँटिबायोटिक त्यात उरलेलं असतं. अंदाजाने टोचायचं आणि शेण जरा घट्ट झालं की थांबायचं. ही सवय मोडा.

जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांतली हगवण पुष्कळदा ई. कोलाय जंतूंची असते. पुढच्या दोन आठवड्यांत रोटाव्हायरस किंवा क्रिप्टोस्पोरिडियम असू शकतो आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. अर्धवट मात्रेने कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि औषध पचवायची ताकद दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. शेण काढणाऱ्या हातांवाटे ते घरातही येतात. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन जनावरांना द्यायला आपल्याकडे 2019 मध्ये बंदी घातली गेली, ती याच धास्तीने.

औषध चालू असलेल्या गायीचं दूध डेअरी घेत नाही, म्हणून ‘वाया कशाला घालवायचं’ करत ते वासराला पाजू नका. रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की तिथले जंतू त्याला सरावतात.

खरी राखण चिकात आहे. गायीच्या पोटात असताना वासराला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आतडं ती शोषतं पहिले काही तासच, दिवस उलटला की जवळपास नाहीच. त्यामुळे जार पडेपर्यंत पाजायचं नाही ही जुनी समजूत वासराच्या जिवावर उठते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. खरवस नंतरच्या चिकाचा करा, कोण अडवतंय! नाळेला आयोडीन लावा, जागा कोरडी ठेवा.

हगवणीत वासरू दगावतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आटून. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडलंय. दूध तोडू नका, मधल्या वेळांना ओआरएसचं पाणी पाजा. ताप, शेणात रक्त, दूध न ओढणं किंवा उभं न राहणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा. त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर सांगितलेले सगळे दिवस पुरे करा, आणि फळीवरची ती जुनी बाटली त्यांच्या हवाली करा.