विश्लेषण : दुबईत भाड्याने राहायचे की फ्लॅट घ्यायचा? हप्त्यापलीकडचा हिशेब

दुबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे भाडेकरार संपत आला की दरवर्षी तोच प्रश्न येतो. भाड्यात जाणारा पैसा हप्त्यात घातला तर घर आपले होईल, हे गणित सोपे वाटते. दुबईतील बिल्डरही ‘महिना एक टक्का’ अशा योजना घेऊन थेट मुंबई-पुण्यातील हॉटेलांत प्रदर्शने भरवतात. मात्र ज्या देशातील वास्तव्य नोकरीच्या व्हिसावर टिकून आहे, तिथे घर घेताना हप्ता परवडतो का, एवढेच पाहून चालत नाही.

परदेशी नागरिकाला मालकी मिळते का?

मिळते, पण सगळीकडे नाही. दुबईने २००२ मध्ये परदेशी नागरिकांना घरखरेदीची मुभा दिली. २००६ च्या कायदा क्रमांक ७ ने तिला पक्का आधार मिळाला. सरकारने ठरवून दिलेल्या भागांत परदेशी व्यक्तीला ‘फ्रीहोल्ड’ म्हणजे पूर्ण मालकी किंवा ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा घेता येतो. दुबई मरीना, डाउनटाउन, बिझनेस बे, जुमेराह लेक टॉवर्स हे त्यातले परिचित भाग. भारतीयांची वर्दळ असलेल्या करामा, बर दुबई या जुन्या वस्त्यांत मात्र बहुतांश घरे भाड्यानेच मिळतात.

मालकी आणि वास्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी गेली आणि व्हिसा संपला तरी फ्लॅटची मालकी जात नाही. जातो तो तिथे राहण्याचा हक्क. किमान २० लाख दिरहॅमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा ‘गोल्डन व्हिसा’ मिळू शकतो. पण तो वास्तव्याचा परवाना आहे, नागरिकत्व नव्हे.

सुरुवातीला हातात किती रक्कम हवी?

समजा, तयार फ्लॅटची किंमत १० लाख दिरहॅम आहे. पहिले घर घेणाऱ्या परदेशी नागरिकाला बँक या किमतीच्या घरासाठी जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देऊ शकते. म्हणजे २ लाख दिरहॅम स्वतःचे हवेत. त्यावर दुबई भूमी विभागाचे ४ टक्के शुल्क, म्हणजे ४० हजार. एजंटचे कमिशन साधारण २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे २१ हजार. कर्जाच्या नोंदणीचे पाव टक्का, म्हणजे २ हजार. शिवाय नोंदणी कार्यालयाचे शुल्क, बँकेची प्रक्रिया फी आणि घराचे मूल्यांकन. हे सगळे धरून जवळपास पावणेतीन लाख दिरहॅम रोख हाताशी लागतात.

यातले ७० हजारांच्या आसपास पैसे परत येत नाहीत. म्हणजे घराची किंमत सुमारे ७ टक्के वाढेपर्यंत ते विकले तर तोटाच. दोन वर्षांत नोकरी बदलून दोहा किंवा सिंगापूरला जावे लागले, तर भाड्याचेच घर स्वस्त पडले असते.

खर्च इथे थांबत नाही. इमारतीच्या देखभालीचे ‘सर्व्हिस चार्ज’ दर चौरस फुटामागे वर्षाला आकारले जातात. हा दर १५ दिरहॅम असेल तर ८०० चौरस फुटांच्या फ्लॅटला वर्षाचे १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार दिरहॅम पडतात. जाहिरातीतल्या हप्त्यात ही रक्कम धरलेली नसते.

बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घ्यावा का?

‘ऑफ-प्लॅन’ फ्लॅटचे आकर्षण मोठे असते, कारण सुरुवातीला कमी पैसे द्यावे लागतात. पण २००८-०९ च्या मंदीत दुबईतील घरांच्या किमती कोसळल्या, अनेक प्रकल्प रखडले आणि हप्ते भरणारे अडकले. २००७ च्या कायदा क्रमांक ८ नुसार ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच जमा व्हावे लागतात. बिल्डरने दुसऱ्या खात्यात पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. आपल्या नावाची प्राथमिक नोंदणी, म्हणजे ‘ऊकूद’, झाली आहे का, हेही पाहावे. ‘दुबई रेस्ट’ या सरकारी ॲपवर प्रकल्पाची माहिती तपासता येते.

‘महिना एक टक्का’ योजनेत ताब्याच्या वेळी मोठी रक्कम बाकी राहते का, हे करारात वाचायला हवे. ती बँक देईलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

भारतातील नियम काय सांगतात?

दुबईत राहणारा अनिवासी भारतीय तिथल्या कमाईतून घर घेत असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. ‘फेमा’ कायद्याच्या कलम ६(४) नुसार भारतात कायमचे परतल्यावरही ते घर ठेवता येते.

भारतात राहून पैसे पाठवणाऱ्याला मात्र ‘एलआरएस’ योजनेची मर्यादा आहे. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर. वर्षात १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. बिल्डरचे लांबणारे हप्ते किंवा परदेशी कर्ज या नियमांत बसते का, हे बुकिंगआधीच आपल्या बँकेला विचारावे.

दुबईत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, म्हणून घरभाड्यावरही नाही. पण मालक भारतात परतून करदृष्ट्या ‘सर्वसाधारण निवासी’ झाला की ते भाडे भारतात करपात्र ठरते. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅटची नोंदही करावी लागते. ती चुकवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून दिलेली सवलत घर-जमिनीला लागू नाही.

मालकाच्या पश्चात काय?

हा विषय बहुतेक घरांत टाळला जातो. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार बिगरमुस्लिम व्यक्तीचे मृत्युपत्र नसेल, तर निम्मा हिस्सा जोडीदाराला आणि निम्मा मुलांना समान मिळतो. तरीही कागदपत्रे, भाषांतर आणि न्यायालयीन प्रक्रिया परक्या देशात निस्तरावी लागते. भारतात केलेल्या मृत्युपत्रावर विसंबून न राहता दुबईतील घरासाठी तिथेच मृत्युपत्र नोंदवणे शहाणपणाचे.

मग घ्यावे की नाही?

किमान पाच-सात वर्षे तिथेच राहण्याची खात्री, नोकरी गेली तरी सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक आणि भारतातील जबाबदाऱ्यांसाठी वेगळा पैसा या तिन्ही गोष्टी असतील, तर घर घेणे योग्य ठरू शकते. त्यातली एक जरी नसली, तरी भाडे भरत राहणे हा मूर्खपणा नव्हे. भाड्याच्या घरातून करार संपवून निघता येते. कर्जाच्या घरातून निघण्यासाठी आधी गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि मंदीत सगळेच गिऱ्हाईक शोधत असतात.

आखातात गेलेल्या अनेकांची आयुष्यभराची बचत ही भारतातल्या आई-वडिलांच्या औषधपाण्याची आणि मुलांच्या शिक्षणाचीही बचत असते. प्रदर्शनातल्या टेबलावर टोकनचा धनादेश देण्याआधी हा सगळा हिशेब घरी, दोघांनी मिळून, एका कागदावर मांडायला हवा. ‘ऑफर आजच संपते’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला थांबवता आले, तर अर्धे काम झाले.