पैशाच्या कोर्टात आपलं कोण आहे?

न्यायव्यवस्थेत प्रतिनिधित्व हवं असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यासमोर दोनच प्रकारचे खटले असतात. एक अॅट्रॉसिटीचा, दुसरा आरक्षणाचा. खैरलांजी आणि खर्डा ज्या समाजाने पाहिलं आहे त्याने असा विचार करणं साहजिक आहे. आपली मुलं एलएलबीला जातात तीही बहुतेक याच ओढीने. आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण एक प्रश्न चळवळीत जवळपास विचारलाच जात नाही. कंपन्यांचे, करारांचे, शेअरचे, बुडालेल्या कारखान्यांचे खटले कोण ऐकतं? त्या खुर्चीवर आपलं कोण बसतं? शेटजी-भटजी हा शब्द आपण दीडशे वर्षं वापरतोय, पण शेटजींचं कोर्ट कसं चालतं हे बघायला आपण फारसं जात नाही.

म्हणून आज एका अमेरिकन न्यायाधीशाच्या वाटचालीबद्दल लिहितोय. त्यांचं नाव टमिका माँटगोमेरी-रीव्हज. कृष्णवर्णीय स्त्री, जन्म १९८१, मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात. त्या नागरी हक्कांच्या खटल्यांतून वर आल्या नाहीत. त्या आल्या कंपनी कायद्यातून.

आधी ते कोर्ट समजून घेऊ. डेलावेअर हे अमेरिकेतलं अगदी छोटं राज्य, लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. आपल्याकडचा एखादा मध्यम जिल्हासुद्धा याहून मोठा. पण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त कंपन्यांची कायदेशीर नोंदणी या राज्यात आहे. कारखाना कुठेही असो, मालक आणि भागधारक यांचं भांडण झालं की ते डेलावेअरच्या कोर्ट ऑफ चॅन्सरीत येतं. हे कोर्ट १७९२ सालचं. इथे ज्युरी नसते, न्यायाधीश एकटाच निकाल देतो. त्याला चॅन्सलर किंवा व्हाइस चॅन्सलर म्हणतात. (आपल्याला व्हाइस चॅन्सलर म्हटलं की विद्यापीठाचे कुलगुरू आठवतात, तसं इथे नाही.) २०२२ मध्ये इलॉन मस्क ट्विटर घेतो म्हणाला आणि मग मागे फिरला, तेव्हा ४४ अब्ज डॉलरचा तो सौदा पूर्ण करायला लावण्यासाठी ट्विटरने याच कोर्टाचं दार ठोठावलं होतं. खटला उभा राहण्याआधीच मस्कने कंपनी विकत घेतली. इतका या कोर्टाचा दरारा.

आता या कोर्टाचा आणखी एक इतिहास, जो कंपनीवाले फारसा सांगत नाहीत. १९५२ मध्ये याच कोर्टाचे चॅन्सलर कॉलिन्स साइट्झ यांनी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश द्या असा आदेश दिला होता. मुलांच्या बाजूने उभे होते लुई रेडिंग, डेलावेअरमधले पहिले कृष्णवर्णीय वकील. पुढे १९५४ मध्ये ज्या ब्राउन निकालाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरला, त्यात पाच ठिकाणचे खटले एकत्र होते. त्यांपैकी खालच्या कोर्टात मुलं जिंकली होती ती फक्त डेलावेअरमध्ये.

हे वाचून आपल्यातलाच एखादा म्हणेल, बघा, न्यायाधीश गोरा असूनही न्याय दिला, मग न्यायाधीशाची जात कशाला मोजायची? मोजायची, कारण ज्या कोर्टाने १९५२ मध्ये काळ्या मुलांसाठी शाळेचं दार उघडलं, त्या कोर्टाच्या खुर्चीवर पहिली काळी व्यक्ती बसायला २०१५ साल उजाडावं लागलं. ६३ वर्षं. आणि कोर्टाच्या स्थापनेपासून मोजलं तर २२३ वर्षं. ज्या राज्यात पाचातला एक माणूस काळा आहे, तिथे. चांगला न्यायाधीश भेटणं हे नशीब झालं. प्रतिनिधित्व हा हक्क आहे.

२०१५ मध्ये त्या खुर्चीवर बसलेल्या व्यक्ती म्हणजेच टमिका माँटगोमेरी-रीव्हज. त्या कोर्टातल्या त्या दुसऱ्याच स्त्री.

त्यांची वाट नीट बघण्यासारखी आहे. पदवी मिसिसिपी विद्यापीठातून, २००३. हे तेच विद्यापीठ, जिथे १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या एका काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला म्हणून दंगल उसळली, दोन माणसं मेली आणि लष्कर बोलवावं लागलं. कायद्याची पदवी जॉर्जिया विद्यापीठातून, २००६. तिथेही पहिले दोन काळे विद्यार्थी १९६१ मध्ये कोर्टाच्या आदेशानेच आत गेले होते. म्हणजे दोन्ही विद्यापीठांची दारं आधीच्या पिढीने लढून उघडलेली. पदवीनंतर त्या कोर्ट ऑफ चॅन्सरीत चॅन्सलर विल्यम चँडलर यांच्या लॉ क्लार्क झाल्या. मग न्यूयॉर्कमधली मोठी लॉ फर्म, मग डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन शहरात दुसऱ्या मोठ्या फर्ममध्ये काम आणि भागीदारी. वयाच्या चौतिसाव्या वर्षी व्हाइस चॅन्सलर. २०१९ मध्ये डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टासाठी निवड, तिथेही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यांचं नाव संघराज्याच्या थर्ड सर्किट अपील कोर्टासाठी सुचवलं आणि डिसेंबरमध्ये सिनेटने ५३ विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केलं.

या वाटेवर एक पायरी अशी आहे की जिच्याकडे आपल्या मुलांचं लक्ष जात नाही. लॉ क्लार्क. न्यायाधीशाच्या हाताखाली वर्षभर बसून निकाल कसा घडतो ते बघणं. ज्याच्या घरात वकील नाही, आजोबा न्यायाधीश नाही, त्याच्यासाठी कोर्टाचं आतलं घर बघण्याची हीच एक खिडकी. जो पहिल्यापासून त्या घरातलाच आहे त्याला खिडकीची गरज नसते.

आता मेरिटवाल्यांसाठी. डेलावेअरचं कोर्ट जगातल्या भांडवलदारांचं लाडकं कोर्ट आहे. अत्यंत हुशार, अत्यंत तज्ज्ञ न्यायाधीश, असा त्याचा लौकिक. आणि या कोर्टात कोटा होता! डेलावेअरच्या १८९७ च्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की न्यायाधीशांमध्ये एका राजकीय पक्षाच्या लोकांची संख्या निम्म्यापेक्षा फार तर एकाने जास्त असावी. उरलेल्या जागा दुसऱ्या पक्षाला. ही तरतूद रद्द करावी म्हणून खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथे २०२० मध्ये अर्जदाराला दाद मागण्याचा अधिकारच नाही म्हणून तो निकाली निघाला. शंभराहून जास्त वर्षं पक्षानुसार जागा राखून ठेवल्या, आणि त्या काळात या कोर्टाची गुणवत्ता घसरली असं एकाही कंपनीने म्हटलं नाही. उलट कंपन्या रांग लावून तिथेच येत राहिल्या. कोटा दोन गोऱ्या पक्षांमध्ये वाटला जातो तेव्हा त्याला समतोल म्हणतात. आपण मागितला की गुणवत्ता धोक्यात.

निवडीची पद्धतही बघा. तिथे जागा रिकामी झाली की जाहीर होते, अर्ज मागवले जातात, समिती नावं सुचवते, गव्हर्नर निवडतो, राज्याचं सिनेट मंजुरी देतं, मुदत १२ वर्षं. यात राजकारण नाही असं आम्ही म्हणत नाही. पण निदान अर्ज करता येतो. आपल्याकडे हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी अर्ज करायची सोयच नाही. कॉलेजियमला तुम्ही दिसलात तर दिसलात. परिणाम आकड्यांत आहे. २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत देशातल्या हायकोर्टांत नेमलेल्या ६०४ न्यायाधीशांपैकी ४५८ खुल्या प्रवर्गातले, अनुसूचित जातीचे १८, अनुसूचित जमातीचे ९. ही माहिती सरकारनेच संसदेत दिलेली आहे. व्यापारी खटले ऐकणारं मुंबई हायकोर्टाचं कमर्शियल डिव्हिजन याच न्यायाधीशांमधून बनतं.

पण आम्हाला इथे केवळ 'पहिली कृष्णवर्णीय' म्हणून टाळ्या वाजवून थांबायचं नाही. त्यांचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा एक निकाल बघू. २०१६ मध्ये फेसबुकने शेअरची रचना अशी बदलायचं ठरवलं की मार्क झुकरबर्गने आपले बहुतेक शेअर दान केले तरी कंपनीचा ताबा त्याच्याच हातात राहावा. भागधारक कोर्टात गेले, कंपनीने पुढच्या वर्षी बेत सोडला. पण या सगळ्यात स्वतःच्या वकिलांवर दोन कोटी डॉलरहून जास्त आणि समोरच्या वकिलांच्या फीपोटी ६ कोटी ८७ लाख डॉलर कंपनीच्या तिजोरीतून गेले. हे पैसे संचालकांकडून वसूल करा असा दावा एका पेन्शन फंडाने केला. तो फंड अन्न आणि किराणा क्षेत्रातल्या कामगारांच्या युनियनशी जोडलेला. २०२१ मध्ये डेलावेअर सुप्रीम कोर्टाचा निकाल माँटगोमेरी-रीव्हज यांनी लिहिला. भागधारकाने संचालक मंडळाला बाजूला सारून थेट कोर्टात कधी यावं यासाठी त्यांनी तीन प्रश्नांची एक कसोटी घालून दिली, जी आज तिथे प्रत्येक वकील वापरतो. आणि त्या कसोटीवर फंड हरला.

म्हणजे कामगारांचा फंड हरला, आणि निकाल लिहिणारी काळी स्त्री. इथे आपल्या काही मित्रांचा चेहरा पडेल. आमचा पडत नाही. प्रतिनिधी म्हणजे आपल्या बाजूने निकाल देणारं यंत्र नव्हे. तसं समजणं म्हणजे सवर्णांचा आरोपच आपण मान्य करणं, की हे लोक खुर्चीवर बसले की जात बघून निकाल देतील. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कायदाच मालकाच्या सोयीने लिहिलेला असेल, तर खुर्चीवरचा माणूस बदलून कामगाराचा पगार वाढत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी डोक्यात ठेवायला आपल्याला शिकावं लागेल.

याची झळ आपल्याला घरच्या उदाहरणातूनही बसली आहे. भूषण गवई यांच्या सरन्यायाधीशपदी झालेल्या नेमणुकीचा आनंद आपण सगळ्यांनी केला. अमरावतीचा, बौद्ध घरातला माणूस देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर. आणि शपथविधीनंतर आठवड्याच्या आत, २० मे २०२५ रोजी, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने निकाल दिला की कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली हवी. तर्क समजतो. कोर्ट न पाहिलेला पंचवीस वर्षांचा मुलगा एकदम न्यायाधीश होऊ नये. पण ज्युनियर वकिलाला तालुक्याच्या कोर्टात पहिली तीन वर्षं काय मिळतं? कधी प्रवासभाडं, कधी तेही नाही. ज्याचा बाप नाक्यावर उभा राहतो त्याने तीन वर्षं कशावर काढायची? राखीव जागा तिथेच राहतील, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी मुलं वाटेत गळतील. त्याच निकालात लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम या तीन वर्षांत धरलं जाईल असंही म्हटलं आहे. ती खिडकी इथेही आहे. किती जणांना माहीत आहे?

कुणी म्हणेल, आपल्या पोरांचा आणि कमर्शियल कोर्टाचा संबंध काय? २०१५ चा व्यापारी न्यायालयांचा कायदा आला तेव्हा किमान एक कोटीच्या वादाची मर्यादा होती. २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आणली. तीन लाख! म्हणजे जो मुलगा कर्ज काढून टेम्पो किंवा केटरिंगचं काम उभं करतो, हाउसकीपिंगचं कंत्राट घेतो, तो आता या कोर्टाच्या कक्षेत आहे. आणि तिथला नियम कडक. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, कोर्टाने सूट दिली तर फार तर १२० दिवसांत. १२१ व्या दिवशी तुमचा हक्क संपतो, कोर्टालाही मुदत वाढवता येत नाही. साध्या दिवाणी कोर्टातल्या तारखांची सवय असलेला वकील धरून बसलेला आपला माणूस इथे न बोलताच हरतो. तसंच दिवाळखोरीचं. कारखाना लिलावात निघाला तर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने मागता येते, असं कायद्यात आहे. मागायला कुणी उभं राहिलं तर.

बाबासाहेबांना हे कळत होतं. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. तारखा पुन्हा वाचा. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारा माणूस त्याच वर्षांत करार आणि भागीदारीचा कायदा शिकवत होता. आणि महाडच्या सवर्णांनी कोर्टात दावा लावला तो कशाच्या जोरावर? शास्त्राच्या नाही, वहिवाटीच्या. तळ्यावर आमचा जुना हक्क आहे, अस्पृश्यांना मनाई करण्याची आमची परंपरा आहे. तो दावा मुंबई हायकोर्टात १९३७ मध्ये संपला. जात टिकवायला सवर्णांनी दिवाणी कायदाच हातात घेतला होता, आणि बाबासाहेबांनी तो दिवाणी कायद्यानेच मोडला. १९२८ च्या गिरणी संपातही त्यांनी विणकाम खात्याचा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. तिथे पगार जास्त, पण धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना बंदी. विटाळ आणि पगार एकाच धाग्याने बांधलेले होते.

तेव्हा काही साध्या गोष्टी. कायद्याच्या वसतिगृहांत, विहारांतल्या अभ्यासिकांत संविधानाच्या व्याख्यानाबरोबर कंपनी कायदा, कमर्शियल कोर्ट आणि दिवाळखोरी कायद्याचे वर्ग सुरू करा. वर्षातून चार पुरेत. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या लॉ क्लार्क भरतीच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात, त्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरल्या पाहिजेत, जयंतीच्या डीजेच्या बिलाबरोबर. आणि सामाजिक न्याय विभागाकडे एक ठोस मागणी: अनुसूचित जाती-जमातींच्या पहिल्या पिढीतल्या वकिलांना तीन वर्षं, महिन्याला जगता येईल इतकं विद्यावेतन. सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची अट घातली आहे, तर त्या तीन वर्षांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आता सरकारच्या टेबलावर आहे. ज्या ज्युनियर वकिलांना या निवेदनावर सही करायची आहे त्यांनी आपल्या तालुक्याच्या बारमधून नावं गोळा करायला लागावं.