मिठागरातला समतोल

मा. संपादक,


‘समतोल साधला की क्रिया थांबते,’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान चुकीचं आहे. आमच्या उरणच्या मिठागरातलं संपृक्त पाणी पाहा. पायाखाली करकरणारे खडे सतत विरघळत असतात आणि त्याच वेगानं नवे जमतही असतात, म्हणून बदल दिसत नाही. त्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा. क्लोराइड वाढताच समतोल स्फटिकांकडे सरकतो, मीठ तळाशी बसतं. मूठभर मीठ आणखी टाकलं तर मात्र काही हलत नाही, कारण घनाची संहती बदलत नाही. मुलं नेमकी इथंच अडखळतात. समतोलात बदल केला की तो त्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेनं सरकतो, हा नियम रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडला. कृपया दुरुस्ती छापा, विद्यार्थी तुमचा अंक वाचतात.

– एक वाचक, उरण