खंडणीखोर विषाणू आणि कारखान्याचे दप्तर

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर विषाणूचा घाला पडला, आणि १९६२ पासून राज्यभर भूखंड आखून, रस्ते बांधून व पाणी खेळवून ज्या संस्थेने उद्योगांना आसरा दिला, तिच्याच मुख्यालयाचा व प्रादेशिक कार्यालयांचा ऑनलाइन कारभार ठप्प झाला. कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाने ही केवळ सरकारी दप्तराची दुर्दशा समजून सोडून देऊ नये. कारण त्याच्या स्वतःच्या दप्तराचा बंदोबस्त बहुधा याहूनही तकलादू असतो.

एखाद्या मशीन शॉपच्या डिस्पॅचमधील संगणक पाहावा. ई-वे बिल त्यावरच निघते, ग्राहकाचे ड्रॉइंग त्यावरच उतरते, हीट नंबरनिहाय तपासणीचे दाखले त्यातच साठतात, आणि व्हीएमसी यंत्राचा प्रोग्राम नेणारा पेन ड्राइव्हही दिवसभर त्यालाच लागतो. इतका भार वाहणाऱ्या या यंत्रावरील विंडोज मात्र पुष्कळदा विनापरवाना, कोणा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने ‘ॲक्टिव्हेटर’ लावून चालू करून दिलेली असते. आणि तो ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, याचे कोणालाच काही वाटत नाही. चोराकडून किल्ली करवून घ्यावी आणि वर पहारेकऱ्याला रजा द्यावी, तसा हा व्यवहार आहे.

म्हणून लिनक्ससारख्या पर्यायी प्रणालीचा पुरस्कार करावयाचा तो ती अभेद्य आहे म्हणून नव्हे, तर ती चोरावी लागत नाही म्हणून. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार उडविला, तेव्हा त्यावरील उतारा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेला होता, परंतु आपली चोरी उघडी पडेल या धास्तीने ज्याने अपडेट बंद ठेवले, त्याला उतारा असून नसल्यासारखाच. १९९१ पासून घडत आलेले लिनक्स विनामूल्य आणि राजरोस मिळते. त्यावरील बहुतेक सॉफ्टवेअर एकाच अधिकृत भांडारातून येते, आणि पासवर्डावाचून मूळ व्यवस्थेत सहसा फेरफार होत नाही. सीडॅकच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ ही प्रणाली याच पायावर रचली, आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘माया’ची निवड केली तीही याच कुळातली.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. जमाखर्चाची टॅली विंडोजवर चालते, ऑटोकॅडचेही तेच. ती कामे परवानाधारक विंडोजवरच ठेवावीत, आणि यंत्रांना प्रोग्राम देणारा संगणक इंटरनेटपासून तोडावा. शिवाय पर्यायी प्रणाली किंवा रीतसर अपडेट म्हणजे अभयपत्र नव्हे: २०१६ मध्ये ‘मिराई’ विषाणूने लिनक्सवर चालणारे असंख्य कॅमेरे वेठीस धरले, कारण त्यांचे मूळ पासवर्ड कोणी बदललेच नव्हते, आणि जून २०१७ मध्ये न्हावा शेव्याचे एक टर्मिनल ज्या ‘नॉटपेट्या’ने बंद पाडले, तो प्रथम पसरला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या रीतसर अपडेटमधून. तेव्हा रोजच्या दप्तराची एक प्रत संगणकापासून अलग ठेवण्याची तजवीज कोणत्याही प्रणालीवर अनिवार्यच राहते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली, आणि आपल्याकडील कित्येक जुने संगणक नव्या आवृत्तीला पात्र नाहीत. ते भंगारात काढण्यापूर्वी स्टोअर, डिस्पॅच आणि गेट येथील कामे लिनक्स व लिब्रेऑफिसवर आणून पाहावीत. आणि उद्योजकांच्या संघटनेने आयटीआयच्या मुलांना हाताशी धरून या स्थित्यंतराचे वर्ग वसाहतीतच भरवावेत. परवान्याचा खर्च परवडत नाही ही सबब आजवर ऐकून घेतली गेली. बिनपैशाचा सरळ मार्ग समोर असताना ती यापुढे ऐकून घेण्याचे कारण नाही.