स्वयंचलनाची शिडी कोणासाठी?

कारखान्यात यंत्रमानव येणार म्हटले की कामगार वस्तीत धास्ती पसरते आणि उद्योजकांच्या परिषदांत उत्साह संचारतो. या दोन टोकांमध्ये एक साधा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. यंत्रे विकत घेता येतात. पण ती जुळवणारी, दुरुस्त करणारी आणि गरजेनुसार त्यांना नवे काम शिकवणारी माणसे कोठून आणायची?

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात सुमारे ५ लाख ४२ हजार औद्योगिक यंत्रमानव बसवले गेले. त्यांपैकी सुमारे २ लाख ९५ हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक, एकट्या चीनमध्ये होते. भारताचा आकडा सुमारे ९,१०० होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा वाहन उद्योगाचा. साहजिकच पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला हा विषय नवा नाही. माणसाच्या शेजारी, कुंपणाविना काम करणारे ‘कोबॉट’ बजाज ऑटोने २०१० पासूनच आपल्या कारखान्यांत आणले.

स्वयंचलन म्हणजे केवळ मजुरीत बचत, ही समजूत मात्र अपुरी आहे. दुग्धालयाचेच उदाहरण घेता येईल. प्रचलित पाश्चरीकरण पद्धतीत दूध ७२ अंश सेल्सिअसला किमान १५ सेकंद तापवावे लागते. तापमान थोडे जरी घसरले, तरी झडप क्षणात फिरते आणि अपुरे तापलेले दूध परत मागे वळवले जाते. तेथे माणसाच्या नजरेवर विसंबणे म्हणजे ग्राहकाच्या आरोग्याशी खेळणे होय. साखर कारखान्याचा बाष्पक असो, औषधनिर्मिती असो वा शहराचे जलशुद्धीकरण केंद्र असो, स्वयंचलनाचे खरे मोल अचूकता, सातत्य आणि सुरक्षितता यांत आहे.

या तंत्राचा इतिहासही उद्बोधक आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत यंत्रांचे नियंत्रण शेकडो रिले आणि तारांच्या जंजाळातून होत असे. मोटारीचे नवे मॉडेल आले की पॅनेलच्या पॅनेल उसवून पुन्हा जोडावे लागत. हा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी कंपनीने १९६८ मध्ये पर्याय मागवला. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक दिला. आज ‘पीएलसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाचा तो पूर्वज. बदल करायचा तर तारा नव्हे, प्रोग्रॅम बदलायचा, ही त्यातील मूळ कल्पना.

तथापि त्याच्या यशामागे आणखी एक कारण होते. या नियंत्रकाची भाषा संगणकतज्ज्ञांची नव्हती. कारखान्यातील वीजतंत्री वर्षानुवर्षे जी रिलेची आकृती वाचत आले होते, तिच्यावरच ती बेतली होती. दोन उभ्या रेषा आणि मध्ये पायऱ्या अशा मांडणीमुळे तिला ‘लॅडर’, म्हणजे शिडी, असे नाव पडले. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही या भाषेला स्थान मिळाले आणि आजही ती जगभर वापरात आहे. नवे तंत्र आले, पण जुन्या कारागिराचे ज्ञान त्याने मोडीत काढले नाही. उलट त्यालाच वर चढण्यासाठी शिडी दिली.

नेमका हाच धडा आपल्याकडे विसरला जात आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या हंगामात ओढा संगणक शाखेकडे असतो. इन्स्ट्रुमेंटेशन, विद्युत वा मेकॅट्रॉनिक्स ही दुसरी-तिसरी पसंती ठरते. वस्तुतः स्वयंचलन अभियंत्याचे क्षेत्र विस्तृत आहे. पॅनेलची रचना, पीएलसीचे प्रोग्रॅमिंग, यंत्रमानवाला हालचाली शिकवणे, नवी उत्पादनरेषा प्रत्यक्ष सुरू करून देणे, अशी अनेक कामे त्यात मोडतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या संगणक विषाणूने इराणच्या अणुप्रकल्पातील नियंत्रकांनाच लक्ष्य केले होते. तेव्हापासून कारखान्याच्या जाळ्याची सुरक्षा हेही एक स्वतंत्र कार्यक्षेत्र बनले आहे.

या कामात पदवीइतकेच मोल हाताच्या अनुभवाला असते. संवेदकाकडून येणारा संकेत शून्याऐवजी ४ मिलिअँपिअरपासून का सुरू होतो? कारण शून्य आले तर तार तुटली, हे तत्काळ कळावे. पुस्तकात हे एका ओळीत आटोपते. रात्रपाळीत बंद पडलेल्या रेषेसमोर उभे राहिल्यावरच त्याचा अर्थ उमगतो. शिवाय हे आयुष्य वातानुकूलित कक्षातले नव्हे. धूळ, उष्णता, अवेळी येणारे दूरध्वनी आणि परगावचे मुक्काम यांची तयारी हवी.

यंत्रमानवामुळे सुताजोडणी, रंगकाम, मालाची चढउतार अशी कामे कमी होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याची पहिली झळ कंत्राटी कामगाराला बसते. ज्याचे नाव कायम पटावर नाही, त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च करण्यास कोणी पुढे येत नाही. म्हणूनच आयटीआयमधून बाहेर पडलेल्या वीजतंत्री, तारतंत्री आणि जोडारी यांना कामावर असतानाच नव्या तंत्राचे शिक्षण मिळणे अगत्याचे आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा देशात १९६१ पासून आहे. त्याचा उपयोग स्वस्त मनुष्यबळ मिळवण्यासाठी न करता कौशल्य घडवण्यासाठी झाला, तर चित्र बदलू शकेल. मोठ्या कंपन्यांना हे स्वबळावर जमेल. भोसरीतील लहान कारखानदाराला मात्र औद्योगिक संघटना, तंत्रनिकेतने आणि शासन यांनी मिळून चालवलेल्या सामायिक प्रशिक्षण केंद्रांचाच आधार लागेल.

यंत्र परदेशातून आयात करता येते. त्याच्या पोटात काय चालले आहे हे जाणणारा माणूस येथेच घडवावा लागतो. अर्ध्या शतकापूर्वी एका नियंत्रकाने वीजतंत्र्याला त्याच्याच भाषेत साद घातली होती. तेवढी दूरदृष्टी आपल्या धोरणकर्त्यांनी आणि उद्योजकांनी दाखवली नाही, तर शिडी उभी राहील. पण ती चढणारे पाय मात्र दुसऱ्याच देशाचे असतील.